सूर्योदय पाच दहाचा, ऊन पावणेसातचं

(लडाखच्या उन्हाळी सहलीत फोटोच्या जागा कशा शोधायच्या, या विषयावर नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मंडळी, मे-जूनमध्ये लडाखला निघालेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक यादी असते. शांतिस्तूप, हुंदरच्या वाळूच्या टेकड्या, पँगाँग, रजा उरली तर हानले. यादी चांगलीच आहे, पण तिच्यावरून फोटो निघत नाही. जागा सापडली असं कधी म्हणायचं? पाय कुठे रोवायचे, कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला आणि घड्याळात किती वाजता, ही तिन्ही उत्तरं कागदावर लिहिता आली की मग. बहुतेकांची गाडी तिसऱ्या उत्तरावर अडते, कारण मोबाइलने सांगितलेली सूर्योदयाची वेळ आपण डोळे झाकून मानतो.

२१ जूनला लेहमध्ये सूर्योदय साधारण ५:१०ला आणि सूर्यास्त ७:३५ला. आपल्या नाशिकपेक्षा सकाळी पाऊण तास लवकर आणि संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं उशिरा. पण ही वेळ सपाट क्षितिजाची आहे, समुद्रावर उभं राहिल्यासारखी. लडाखच्या दरीत सपाट क्षितिज आणायचं कुठून? त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. कॅलेंडरमधला सूर्यास्त व्हायच्या कितीतरी आधी त्याच्या अंगणातलं ऊन गेलेलं असतं. लडाखमध्ये हाच ब्रह्मगिरी तिप्पट उंच होऊन चारी बाजूंना उभा आहे असं समजा.

याचा हिशेब अगदी सोपा आहे. समोरच्या कड्याची आपल्यापेक्षा जास्तीची उंची घ्या, तिला कड्यापर्यंतच्या अंतराने भागा आणि ५७ने गुणा. कडा क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मिळतं. समजा, पूर्वेचा कडा तुमच्यापेक्षा १,५०० मीटर उंच आणि ५ किलोमीटर लांब आहे. १,५०० भागिले ५,००० म्हणजे ०.३, गुणिले ५७ म्हणजे १७ अंश. लेहच्या अक्षांशावर जूनमध्ये सकाळचा सूर्य तासाला साधारण ११ अंश वर चढतो. म्हणजे कड्याच्या डोक्यावर यायला त्याला दीड तास लागणार. सूर्योदय पाच दहाचा, पण तुमच्या पायाशी ऊन पडेल पावणेसातच्या आसपास. तीव्र कोनाला हे सूत्र एखाददुसरा अंश जास्त दाखवतं, म्हणजे पाच-सात मिनिटांचा फरक. आपल्या कामाला तेवढं पुरे.

आता मुद्दा असा, की ज्या पिवळ्या-तांबूस उजेडासाठी आपण पहाटे उठतो, तो सूर्य सहा-सात अंशांवर येईपर्यंतच टिकतो. तिथली हवा कोरडी आणि विरळ, त्यामुळे धूळ उडालेली नसेल तर त्याच्याही आधी तो उजेड पांढरा पडतो. मग १७ अंशांचा कडा समोर असलेल्या दरीत सकाळचा सोनेरी उजेड जमिनीवर येतच नाही. सावलीतून थेट कडक ऊन. थंडीत दीड तास कुडकुडत उभं राहायचं आणि हाती लागतं ते नऊच्या उन्हासारखं ऊन. अशा दरीत पहाटे जायचं असेल तर खालच्या सावलीकडे बघू नका, पश्चिमेकडच्या शिखरांकडे बघा. पहिलं ऊन तिथे पडतं. दरी निळी आणि शिखर केशरी, हा फोटो तिथला खरा. आणि सोनेरी उजेड जमिनीवरच हवा असेल तर जिथे पूर्व किंवा पश्चिम मोकळी आहे, अशा रुंद पठारावर जा.

दुसरी गोष्ट दिशेची. जूनमध्ये लडाखचा सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही. पूर्वेपासून २९ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो आणि मावळतोही पश्चिमेपासून तेवढाच उत्तरेकडे. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो बरोबर पूर्व-पश्चिमेला असतो. २९ अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ७० मिलिमीटरच्या लेन्सची अख्खी फ्रेम साधारण तेवढीच रुंद असते. म्हणून सप्टेंबरमध्ये काढलेला कुणाचा फोटो पाहून जूनमध्ये तिथे गेलात, तर सूर्य पूर्ण एक फ्रेम बाजूला असेल, कदाचित वेगळ्याच डोंगरामागे. दुसऱ्याचा फोटो पाहताना आधी त्याचा महिना विचारा. महिना कळला नाही तर सावल्यांची दिशा बघा. त्यावरून सकाळ की संध्याकाळ एवढं तरी नक्की कळतं.

हे सगळं नाशिकमध्ये घरी बसून करता येतं. गूगल अर्थ प्रो ही संगणकावरची फुकट आवृत्ती घ्या. मोबाइलवरची चालते, पण उंचीचा आलेख काढायला संगणक सोयीचा. जागेवर खूण लावा. तिथून सूर्य उगवण्याच्या दिशेला दहा-बारा किलोमीटरची रेघ ओढा आणि तिचा उंचीचा आलेख उघडा. आलेखात कडा किती उंच आणि किती लांब हे सरळ वाचता येतं. वरचा हिशेब दोन मिनिटांत होतो. एक खबरदारी घ्या. सगळ्यात उंच शिखरच सूर्य अडवतं असं नाही. जवळची ३०० मीटरची टेकडी एक किलोमीटरवर असेल तर तीही १७ अंशच झाकते. आलेखातला प्रत्येक उंचवटा तपासा आणि ज्याचा कोन सगळ्यात मोठा तो धरा.

त्याच प्रोग्राममध्ये सूर्याचं बटण आहे. ते चालू करून तारीख-वेळ सरकवली की उतार उजळतात, काळवंडतात. पण एका डोंगराची दुसऱ्यावर पडणारी सावली त्यात भरवशाची नसते. त्यापेक्षा जमिनीच्या पातळीवर उतरा, तोंड सूर्याकडे करा आणि सूर्याचा गोळा कड्यामागून केव्हा बाहेर येतो ते पाहा. सेटिंगमध्ये उंची वाढवून दाखवण्याचा आकडा १ आहे ना, हे एकदा बघून घ्या. तो दीड-दोनवर राहिला असेल तर डोंगर खोटे उंच होतात आणि सगळा हिशेब बिघडतो. संगणकाची वेळ भारतीय आहे ना, हेही बघा. फोटोपिल्ससारखं विकतचं ॲप असेल तर हेच काम नकाशावर होतं, पण सूत्र माहीत असलेलं बरं. लडाखमध्ये नेट जातं तेव्हा कामाला येतो तो कागद.

अंशांतले आकडे लिहून घेताना एक घोळ हमखास होतो. ३४.३० अंश आणि ३४ अंश ३० मिनिटं या दोन वेगळ्या जागा आहेत. त्यांच्यात ०.२ अंशाचा, म्हणजे जवळपास २२ किलोमीटरचा फरक पडतो. सगळ्या खुणा एकाच पद्धतीत, दशांशात लिहा आणि ऑफलाइन चालणाऱ्या नकाशाच्या ॲपमध्ये घरूनच भरून ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि तेही गावाबाहेर पडलं की गप्प होतं.

उपग्रहाचं चित्रही जुनं असू शकतं. तळ्याचा काठ, बर्फाची रेषा, नदीची धार दर महिन्याला बदलते आणि गूगलवरचं चित्र कदाचित दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरचं असतं. त्यासाठी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात. दर पाचेक दिवसांनी नवं चित्र येतं आणि त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. झाडझुडूप त्यात दिसणार नाही, पण त्सो कार या सरोवराच्या काठाचा मिठाचा पांढरा पट्टा यंदा कुठवर आहे आणि खिंडीत बर्फ किती उरलंय, हे निघायच्या आदल्या आठवड्यात कळतं. मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याचं चित्र शेजारी ठेवून बघा, अंदाज पक्का होतो.

आता एकच जागा घेऊन हे सगळं लावून बघू. पँगाँगच्या काठावरचं स्पांगमिक. सरोवर सुमारे ४,२५० मीटर उंचीवर आहे आणि भारताकडचा त्याचा भाग वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलाय. स्पांगमिक त्याच्या नैर्ऋत्य काठावर, म्हणजे पाण्याकडे तोंड केलं की तुम्ही ईशान्येला बघत असता. जूनचा सूर्य उगवतो तोही त्याच बाजूला, पलीकडच्या डोंगरांमागून. सकाळी पाण्याकडे बघून फोटो काढाल तर सूर्य समोर, डोंगर काळे. ते हवं असेल तर काढा. पण त्याच वेळी मागे वळलात तर पँगाँग रांगेच्या बर्फाच्या शिखरांवर पहिलं ऊन पडत असतं. त्या पाच मिनिटांत काठावरच्या बहुतेक सगळ्यांची पाठ त्या शिखरांकडे असते.

संध्याकाळी उलटं. सूर्य डाव्या हाताला, किंचित मागे जातो. आपला काठ मागच्या डोंगरांमुळे लवकर सावलीत जातो आणि पलीकडचे तपकिरी डोंगर मात्र उजळलेले राहतात, तेही बाजूच्या उन्हात, त्यामुळे त्यांच्या घड्या उठून दिसतात. स्पांगमिकच्या संध्याकाळचा फोटो हा. फक्त दुपारनंतर वारा सुटतो आणि पाण्यावर लाटा येतात. प्रतिबिंब हवं असेल तर पहाट, डोंगरावरचा उजेड हवा असेल तर संध्याकाळ. दोन्ही एकाच फ्रेममध्ये मिळण्याची आशा धरू नका.

आणि रात्र? आकाशगंगेचा मध्य, म्हणजे तिचा सगळ्यात दाट, उजळ भाग, पाण्यावर हवा, असं प्रत्येक जण म्हणतो. तो मध्य दक्षिण आकाशात असतो आणि स्पांगमिकला दक्षिणेकडे डोंगर आहेत, पाणी नाही. तरीही वाट आहे. मध्य उगवतो आग्नेयेला आणि सरोवरही आग्नेयेकडेच पसरलंय. १५ जूनच्या आसपास रात्री साडेनऊला तो आग्नेयेला साधारण १४ अंशांवर असतो आणि रात्री साडेबाराच्या सुमारास बरोबर दक्षिणेला, २७ अंशांवर. त्यामुळे काठाने आग्नेयेकडे बघत पहिले दोन तास वापरायचे. काळोख पूर्ण व्हायला सव्वानऊ वाजतात, म्हणून जेवण आधी उरका. जेवून, गप्पा मारून बाराला बाहेर पडलात तर आकाशगंगा उभी आणि छान दिसेल, पण डोंगरावर. मे महिन्यात जाणार असाल तर हेच गणित दोन तास पुढे ढकला. ऑगस्टच्या मध्यावर काळोख होईपर्यंत तो मध्य दक्षिणेला पोचलेलाच असतो, त्यामुळे स्पांगमिकहून पाण्यावर तो मिळणार नाही.

एका जागेचा असा विचार करायला घरी अर्धा तास लागतो. सात दिवसांच्या सहलीत अशा आठ-नऊ जागा खूप झाल्या. पन्नास खुणा लावलेला नकाशा बघायला बरा वाटतो, हाती काही लागत नाही.

हुंदरबद्दल थोडं. इथे निराशा होते ती अपेक्षेमुळे. राजस्थानसारखा वाळूचा समुद्र इथे नाही. श्योक नदीच्या पात्रालगतचा तो मर्यादित पट्टा आहे. रुंद लेन्स लावली की कडेला तंबू, गाड्या, उंटांची रांग आणि चहाची टपरी सगळंच येतं. ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स लावा, मागे जा आणि वाळूची एक कड व तिच्यामागचा डोंगर एवढंच घ्या. दरी साधारण आग्नेय-वायव्य पसरलेली आहे आणि जूनचा सूर्य मावळतो वायव्येकडे. म्हणून जूनच्या संध्याकाळी ऊन दरीच्या लांबीने येण्याची शक्यता जास्त, सप्टेंबरमध्ये ते लवकर डोंगराआड जाण्याची. मी शक्यता म्हणतोय, कारण वायव्येच्या वळणावर कुठला डोंगर आडवा येतो हे तुमच्या नेमक्या जागेवरून आलेख काढूनच ठरतं. पावलांच्या खुणांचा त्रास सगळ्यात मोठा. संध्याकाळपर्यंत सगळी वाळू तुडवलेली असते. दुपारनंतरचा वारा ती रात्रीपर्यंत बऱ्यापैकी साफ करतो. म्हणून पहाटे, पहिला उंट यायच्या आधी जा, आणि स्वतः जाताना फ्रेमच्या बाहेरून वळसा घालून जा. हे सांगायला सोपं आहे, पण पहिला माणूस हमखास मधूनच चालत जातो.

लामायुरूच्या पिवळ्या मातीचे उंचवटे म्हणजे जुन्या सरोवराचा गाळ, पावसा-वाऱ्याने चिरलेला. दुपारी तो सपाट पुठ्ठ्यासारखा दिसतो. बाजूचं तिरपं ऊन असेल तरच चिरा दिसतात. लेहहून सकाळी निघून अकराला तिथे पोचणाऱ्या गाड्या बघितल्या की वाईट वाटतं. मुक्काम करा किंवा उतरत्या उन्हात पोचा.

मोकळं क्षितिज पाहिजे असेल तर चांगथांग. त्सो कार, त्सो मोरीरी, हानले हा पट्टा साडेचार हजार मीटरच्या आसपासचा, रुंद आणि उघडा. त्सो कारच्या खोऱ्यात उभं राहिलं की आजूबाजूच्या टेकड्या पाच-सहा अंशांतच संपतात अशा कितीतरी जागा सापडतात. सकाळचा सोनेरी उजेड इथे जमिनीवर येतो. सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे पाठ करा. पूर्वेला क्षितिजालगत निळसर-राखाडी पट्टा वर येतो आणि त्याच्यावर गुलाबी पट्टा. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. आपल्याकडे धुळीत ती क्वचितच नीट दिसते. तिथे दहा-पंधरा मिनिटं स्पष्ट दिसते.

याच पट्ट्यात कियांग, म्हणजे तिथलं रानगाढव, आणि काळ्या मानेचे करकोचे दिसतात. इथे एक तांत्रिक अडचण आहे, जिची तक्रार लोक लेन्सच्या नावावर खपवतात. दुपारी जमीन तापते, वरची हवा गार असते, आणि त्या थरांतून लांबचं दृश्य थरथरतं. ३०० मीटरवरचा कियांग ६०० मिलिमीटरच्या लेन्सने काढलात तरी मऊच येणार. शटरचा वेग वाढवा, ट्रायपॉड लावा, काही उपयोग नाही. सकाळी सूर्य वर आल्यापासूनचा पहिला तास-दीड तासच लांबच्या लेन्सचा. आणि गाडी घेऊन कियांगाच्या मागे लागू नका. पळणाऱ्या कळपाचा धुळीतला फोटो मिळतो, पण त्या उंचीवर पळवल्याने जनावराची शक्ती वाया जाते आणि चाकांच्या खुणा त्या जमिनीवर वर्षानुवर्षं राहतात. त्सो मोरीरी २००२पासून आणि त्सो कार २०२०पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, म्हणजे आपल्या नांदूर मध्यमेश्वरच्याच पंगतीत. तिथे जेवढं अंतर ठेवता तेवढंच इथे ठेवा.

हानले. डिसेंबर २०२२मध्ये इथलं काळोखं आकाश राखण्यासाठी राखीव क्षेत्र जाहीर झालं. भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा तिथल्या डोंगरावर ४,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवली जाते. रात्री गाडीचे दिवे, पांढरी टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश काही चालत नाही. लाल टॉर्च न्या, किंवा साध्या टॉर्चवर लाल जिलेटीन कागद दुपदरी लावा.

हानलेला आकाशगंगेचा मध्य जास्तीत जास्त २८ अंश वर येतो; नाशिकहून तो ४१ अंश वर येतो. म्हणून तिथे दक्षिण मोकळी असणं महत्त्वाचं. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: ज्या वस्तूवर आकाशगंगा हवी, तिच्या उत्तरेला आपण. मठाची टेकडी फ्रेममध्ये हवी असेल तर मध्यरात्रीसाठी मठाच्या उत्तरेला उभं राहायचं आणि रात्री दहाच्या सुमारासाठी वायव्येला. ही जागा दिवसा चालत जाऊन पाहून ठेवा. खाली ओल आहे का, कुंपण आहे का, कुणाचं शेत आहे का, ते उजेडातच कळतं.

चंद्राचं गणित भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतं. अमावस्येच्या आधीचे चार-पाच आणि नंतरचे चार दिवस चांगले. त्यातल्या त्यात शुद्ध तृतीया-चतुर्थी मला सोयीची वाटते. जूनमध्ये त्या तिथींचा चंद्र साडेनऊ-साडेदहाच्या सुमारास मावळतो. तोवर त्याच्या मंद उजेडात जमिनीचा फोटो काढायचा, तो मावळला की त्याच ट्रायपॉडवरून आकाशाचा. कॅलेंडरमधली चंद्राची वेळ आपल्याकडची असते. लेहसाठी वीस-पंचवीस मिनिटांचा फरक धरा.

रात्रीचे आकडे: लेन्सचं छिद्र एफ २.८, सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ३,२०० ते ६,४००. शटर किती सेकंद उघडं ठेवायचं, याचा जुना नियम ५०० भागिले लेन्सचे मिलिमीटर. २० मिलिमीटरला २५ सेकंद. आजच्या चोवीस मेगापिक्सेलच्या पुढच्या सेन्सरवर तेवढ्यात तारे लांबट होतात, म्हणून ३०० धरा आणि १५ सेकंदांवर थांबा. लहान सेन्सर असेल तर आधी मिलिमीटरना दीडने गुणा. फोकस हाताने, पडद्यावर ठळक तारा मोठा करून. जमला की रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा, कारण हातमोजे घातलेल्या हाताने ती हलतेच. काळोख इतका असतो की कॅमेऱ्याच्या मागचा पडदा सगळे फोटो खूप उजळ असल्यासारखे दाखवतो. पडद्याची चमक कमीत कमी करा आणि विश्वास हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर, ठेवा.

दुपारचं काय? २१ जूनला लेहमध्ये माध्यान्हीचा सूर्य ७९ अंशांवर, सावली पायाखाली. नऊ ते साडेचार हा वेळ जागा पक्क्या करायचा. फक्त एक अपवाद आहे: पाण्याचा निळा-हिरवा रंग हवा असेल तर सूर्य उंच आणि पाठीमागेच लागतो. पँगाँगचा तो प्रसिद्ध रंग पहाटे मिळत नाही, दुपारीच मिळतो. दुसरी दुपारची गोष्ट ढगांची. चांगथांगच्या उघड्या पठारावर ढगांच्या सावल्या सरकत असतात. समोरची टेकडी उन्हात आणि मागचा डोंगर सावलीत येईपर्यंत थांबलात तर कडक उन्हातही खोली मिळते.

जागेवर गेल्यावर कड्याचा कोन हाताने मोजा. हात सरळ लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश, मधली तीन बोटं ५ अंश, करंगळी १ अंश. घरचा हिशेब १७ असेल आणि इथे दोन मुठी भरत असतील तर जागा चुकली आहे किंवा जवळची टेकडी धरायची राहिली आहे. होकायंत्र बघताना गाडीपासून दहा पावलं लांब उभे राहा; लोखंडाजवळ मोबाइलची सुई वाटेल तिकडे जाते.

चमक कमी करणाऱ्या पोलरायझर फिल्टरबद्दल सावध राहा. एवढ्या उंचीवर आकाश मुळातच गडद असतं. फिल्टर पूर्ण फिरवला की ते काळपट होतं आणि रुंद लेन्सवर तर मधोमध एक काळा डाग पडतो. तळ्यावरची चमक काढायला अर्धा फिरवा, आकाशासाठी काढून ठेवा. वाळू, मीठ, बर्फ यांनी कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि फोटो करडा येतो. एक्स्पोजर पाऊण ते सव्वा स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये घ्या, कारण सावलीतला निळेपणा नंतर काढावाच लागतो.

ट्रायपॉड वाळूत रोवताना लोक वरचे जाड भाग उघडतात आणि सगळ्यात खालचा बारीक भाग आत ठेवतात. मग खालचा सांधा वाळूत जातो आणि दुसऱ्या दिवशी करकर वाजतो. खालचा भाग वीतभर तरी बाहेर काढा, म्हणजे सांधा वाळूच्या वर राहील. पहाटेच्या गारठ्यात बॅटरी भराभर उतरते. दोन जास्तीच्या आतल्या खिशात ठेवा. थंडीतून उबदार खोलीत येताना कॅमेरा बॅगेत बंद ठेवा आणि तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सच्या आत दव धरतं.

आता या सगळ्या बेताला लगाम घालणारी गोष्ट, उंची. नाशिक सुमारे ६०० मीटरवर, लेह ३,५००वर. विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस लेहमध्येच, आणि तेही हळू. त्या दोन दिवसांत शांतिस्तूप, शे, ठिकसे होतात. पहाटेचं उठणं दुसऱ्या दिवसापासून. नंतर हुंदर, कारण तिथला मुक्काम ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षा खाली. मग पँगाँग, शेवटी हानले आणि त्सो मोरीरी. नकाशावर जवळ दिसतं म्हणून तिसऱ्या दिवशीच हानले गाठू नका. ४,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहून कमी असतो. डोकं दुखून उलटी होत असेल तर कितीही चांगला उजेड असो, वर जायचं नाही, खाली यायचं. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

सीमेलगतच्या भागांसाठीचे परवाने आणि शुल्क यांचे नियम बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवड्यात लेह प्रशासनाचं संकेतस्थळ बघा आणि कागदाच्या पाच-सहा प्रती जवळ ठेवा. लष्करी ठाणी, पूल, ताफे यांचे फोटो काढायचे नाहीत. ड्रोन घरी ठेवा. पहाटे साडेतीनला निघायचं असेल तर गाडीवाल्याला आदल्या संध्याकाळी, जेवायच्या आधी सांगा. ‘जुले, आचो-ले’ म्हणून सुरुवात केलीत तर ऐकणारा खूश होतो. जुले म्हणजे नमस्कार आणि आचो म्हणजे थोरला भाऊ, आपल्या ‘दादा’सारखं.

श्रोत्यांमधून दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं इथे जोडतो.

एकाने विचारलं, हे सगळं मोबाइलवर होईल का? जागा शोधण्याचा सगळा हिशेब तोच राहतो, कारण ऊन कॅमेरा बघून येत नाही. मोबाइलला रात्रीसाठी छोटा ट्रायपॉड आणि टायमर लावा, रॉ फाइल चालू करा, आणि डिजिटल झूम वापरू नका. हुंदरसारख्या ठिकाणी लांबच्या लेन्सची सोय नसेल तर टेकडीच्या कडेला अगदी जवळ जा आणि वाळूवरच्या लाटा पुढे घ्या.

दुसरा प्रश्न सरावाचा होता. एप्रिल-मे आहेच. गंगापूर धरणाच्या काठावरची एखादी जागा निवडा, नकाशावर सूर्यास्ताच्या दिशेला रेघ ओढा, टेकड्यांचा कोन काढा आणि ऊन किती वाजता जाईल ते कागदावर लिहून मगच तिथे जा. घड्याळ लावून बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चूक आली तर ती बहुधा रेघेच्या दिशेत असते: मेच्या अखेरीस सूर्य नाशिकला पश्चिमेपासून २३ अंश उत्तरेला मावळतो आणि आपण सवयीने रेघ सरळ पश्चिमेला ओढतो.